न दिसणारी गळती

जुनी मोटार विकताना तिचा दोष सांगायलाच हवा का? आम्ही हा प्रश्न एका फ्रेंच गाडीवर पारखून पाहणार आहोत. का, ते पुढे कळेल.

सित्रोएन कंपनीने ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात 'डीएस' ही मोटार मांडली. तिला नेहमीच्या स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकासाठी एक धातूचा गोळा; त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल. खड्डा आला की वायू दबतो आणि आतल्या माणसाला धक्का बसत नाही. १९८२ साली आलेल्या 'बीएक्स'मध्येही हीच रचना होती. पंपापासून चाकांपर्यंत हिरवे तेल नेतात त्या पोलादाच्या बारीक नळ्या, दाब १५० बारच्या आसपास. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने या नळ्या गंजतात. (अशा गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी शिरू नये. दाब गेला की ती खाली बसते.)

गळती दोन प्रकारची असते. टाकीकडे परतणाऱ्या तेलाची रबरी नळी चिरली की जमिनीवर हिरवा डाग पडतो. तो कोणालाही दिसतो. पोलादी नळी मात्र वरून धड दिसते आणि एके दिवशी फुटते. तिला रबराचा तुकडा आवळून चालत नाही, नळीच बदलावी लागते. शिवाय 'बीएक्स'च्या मागच्या ब्रेकना दाब मिळतो तो मागच्या सस्पेन्शनमधूनच. पुढच्या ब्रेकसाठी दाब राखणारी झडप आहे, हे खरे, पण मागचे?

समजा, मालकाने फुटलेली नळी बदलून घेतली. मेकॅनिक म्हणाला, "शेजारच्या दोन नळ्याही गंजल्यात." मालकाने पैसे चुकते केले आणि महिन्याभरात गाडी विकायला काढली.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिआ'मध्ये हाच प्रश्न घेतला आहे, घोड्याच्या संदर्भात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते समोर दिसते. किंमत रास्त कमी केली असेल, तर विकणाऱ्याने तोंडाने सांगण्याची सक्ती नाही. दोष लपलेला असेल व त्यातून धोका संभवत असेल, तर सांगणे बंधनकारक. आमच्या मते हिरवा डाग म्हणजे तो एकाक्ष घोडा. गंजलेली नळी तशी नव्हे.

कोणी म्हणेल, जुनी गाडी आहे, घेणाऱ्याने बघून घ्यावे. पण 'जुन्या गाडीत काहीतरी असणारच' ही माहिती वेगळी आणि 'या दोन नळ्या गंजल्यात' ही माहिती वेगळी. दुसरी फक्त मालकापाशी आहे.

खरी अडचण पुढेच आहे. दुरुस्ती केली म्हणून त्याला कळले. दुसरा मालक मेकॅनिकला आधीच बजावतो, "फुटलेली तेवढी बदला, बाकीचे आम्हाला सांगू नका." त्याला काहीच ठाऊक नाही, मग तो निर्दोष का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने कान झाकले त्याला काय ऐकू येणार होते, याचा अंदाज होताच. आपणही कधी डॉक्टरकडे, कधी हिशेबाच्या वहीकडे जायचे असेच टाळतो.

आणि किंमत उतरवून भागेल का? सूट मिळते ती घेणाऱ्याला. मागच्या सीटवर बसणाऱ्या त्याच्या आईला, रस्ता ओलांडणाऱ्याला त्यातले काय मिळते? पहिल्या मालकाने एकतर त्या दोन नळ्या बदलाव्यात, नाहीतर मेकॅनिकचे बिल, त्यावर गंजलेल्या नळ्यांची नोंद करून घेऊन, किल्लीसोबत हातात द्यावे, पैसे घेण्याआधी.