चौऱ्यांशीची शिळा

पंढरीस जाऊन देव भेटला नाही असे होत नाही. पण देऊळ भेटले काय, असे कोणी विचारले तर आम्हा वारकऱ्यांची मान खाली जाते. तासन् तास बारीत उभे राहावे, सोळखांबीत गरुडखांबाला कवटाळावे, चौखांबीतून पुढे सरकावे, चरणांवर माथा टेकावा, आणि मागच्याचा रेटा आला की बाहेर! २०२४ साली जतनाच्या कामासाठी १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद होते, ते २ जूनला पुन्हा सुरू झाले. वरचे थर जाऊन जुना दगड मोकळा झाला. आपल्यापैकी किती जणांनी तो डोळे भरून पाहिला?

महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे. तिच्यावर पाय न देता आपण ती ओलांडतो. समोरच चोखोबांची समाधी. चोखोबांच्या लेकरांना ती पायरी ओलांडून आत जाता आले ते केव्हा? साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरीतच उपोषण मांडले, तेव्हा! तोवर कैक पिढ्यांनी आतल्या खांबांची नुसती वर्णने ऐकली. आणि आम्हाला सारे उघडे असून आम्ही मान वर करीत नाही.

आत एक शिळा आहे. तिला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत. खोटे कशाला बोला, आम्हीही घासली आहे. पण ती शिळा म्हणजे लेख आहे, बरे का! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला ज्यांनी ज्यांनी दान दिले, त्यांची ती दगडी वही. परंपरेने माउलींचा जन्म शके ११९७ चा धरतात. म्हणजे ऐन त्याच सालातली ही गोष्ट. हेमाद्रिपंडितांचे नाव तीत आहे, देवगिरीच्या रामदेवराव यादवांचे आहे. राजाला तेथे काय म्हटले आहे? पंढरीच्या फडाचा मुख्य! देवगिरीला सिंहासन, पण पंढरीत फडकरी. आणि राजाच्या जोडीने साध्या दात्यांचीही नावे.

फेरा किती जणांचा चुकला ते पांडुरंग जाणे, अक्षरे मात्र झिजली.

गेल्या वारीत मुक्कामावर आम्ही हे सांगत होतो. दिंडीतले एक म्हातारबाबा कितीतरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे महाराज, आमच्या आज्या-पणज्यांनी दिलेलं दान आम्हीच पाठीनं पुसलं म्हणायचं!"