वध्य जीव आणि अनुतापाचा अवकाश

जीव हा बद्धमुक्त आहे. अनादि अविद्येने तो बांधलेला असला, तरी परमेश्वराच्या ज्ञानाने सुटण्याची योग्यता त्याच्या ठिकाणी आहे आणि त्या योग्यतेचा उपयोग करण्यास मनुष्यदेहासारखे दुसरे साधन नाही. कर्माची फळे देवता देतात. त्यांच्या दानात चूक होत नाही, पक्षपातही होत नाही. असे असता अपराध्याचे फळ अपुरे राहील या भीतीने मनुष्याने त्याचा प्राण का घ्यावा, हा प्रश्न पंथीय विचारात आपोआपच उभा राहतो.

यावर शंका घेतली जाते ती अशी : भगवान श्रीकृष्णांनी अर्जुनाला युद्धास प्रवृत्त केले, शिशुपालाचा वध केला, मग दुष्टाचा वध निषिद्ध कसा? परमेश्वराची क्रिया ही जीवाला विधी नव्हे, हे याचे पहिले समाधान. ज्याचा वध परमेश्वर करतो त्याच्या पुढील गतीची व्यवस्थाही तोच जाणतो. न्यायासनाला एवढीच शक्ती आहे की देह पाडावा. पुढचे त्याच्या हाती काही नाही. दुसरे समाधान असे की रणांगणात शस्त्र घेऊन समोर आलेला योद्धा वेगळा आणि हात बांधून पुढे आणलेला मनुष्य वेगळा.

बांधून आणलेल्या अपराध्याचा प्रसंगही भागवताच्या प्रथम स्कंधात आहेच, आणि तो फारसा निरूपिला जात नाही ही खेदाची गोष्ट आहे. अश्वत्थाम्याने झोपलेली पाच मुले मारली. याहून निंद्य कृत्य सांपडणे कठीण. अर्जुनाने त्याला दोरांनी बांधून शिबिरात आणले. भीमाला तो तत्काळ मारावयास हवा होता. परंतु जिची मुले गेली त्या द्रौपदीनेच त्याला सोडण्याविषयी विनविले; आपण जशी रडते आहे तशी त्याची माता रडू नये, हे तिचे कारण होते. अर्जुनाने भगवंतांचा अभिप्राय ओळखला, केसांसह मस्तकीचा मणी काढून घेतला आणि त्याला हाकलून दिले. अश्वत्थाम्याला शिक्षा झाली; ती कठोरही होती. प्राण मात्र राहिला. पीडितांच्या समाधानासाठी फाशी हवी असे म्हणणाऱ्यांनी द्रौपदीचे बोलणे एकदा शांतपणे वाचावे.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. पारध्यांनी ससा मागितला, सर्वज्ञांनी तो दिला नाही. ससा निरपराध होता, फाशीचा कैदी तसा नसतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण कैदी तसा नसतो हे निश्चित कोणी केले?

नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबातील पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जणांना त्याबद्दल पकडण्यात आले. २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी करून जन्मठेप दिली, परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरविली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे पुढे निष्पन्न झाले. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकून सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेनंतर दोनच दिवसांनी प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांजवळील छायाचित्रांतून भलतेच चौघे ओळखले होते, आणि त्या बाजूने तपास झाला नव्हता. राज्य शासनाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. मधल्या काळात फास ओढला गेला असता, तर ते रुपये कोणाच्या हाती द्यावयाचे होते?

भारतात १९८० च्या बचनसिंग खटल्यापासून ‘विरळातील विरळ’ प्रकरणीच फाशी द्यावी असा दंडक आहे. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निर्णयास विरोध नोंदविला. कोणत्या न्यायाधीशांसमोर प्रकरण येते यावर जगणे-मरणे अवलंबून राहते, हे त्यांच्या विरोधाचे एक कारण होते. विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे अपवाद ठेवून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. २०२३ च्या न्याय संहितेने मात्र ती शिक्षा कायम ठेवली आहे.

समाजाचे रक्षण तर झालेच पाहिजे. अपराध्याला आजन्म बंदीत ठेवण्यास पंथाचा कोणताही सिद्धांत आड येत नाही. उलट, बंदीतच त्याला आपल्या कर्माकडे पाहण्यास वेळ मिळतो. दोष घडल्यावर अनुताप, अनुतापानंतर प्रायश्चित्त, हा क्रम साधनमार्गात प्रत्येक भिक्षूला परिचित आहे. अनुताप कोणत्या दिवशी उपजेल हे सांगता येत नाही. कोणाला तो रात्रीत होतो, कोणाला वीस वर्षांनी. फाशीची तारीख मात्र सरकारी कागदावर आधीच लिहिलेली असते.

आणखी एका जीवाचा विचार सहसा राहून जातो. खटका ओढणाऱ्या मनुष्याला वैर नसते, क्रोध नसतो. पगारासाठी तो बांधलेल्या माणसाचा प्राण घेतो. ही हिंसा आज्ञा देणाऱ्याच्या माथी की करणाऱ्याच्या? आज्ञा शासनाची असली तरी हात त्याचा आहे, आणि कर्म हाताला सोडून जात नाही. येरवडा किंवा नागपूर येथील कारागृहाच्या सेवेत कोणी उपदेशी वासनिक असेल आणि त्याच्यावर हे काम आले, तर त्याने वरिष्ठांना विनयपूर्वक नकार कळवावा व नोकरीवर जे येईल ते सोसावे.