बाक बदलून पाहिजे

25 जुलै 2025 च्या सकाळी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी नावाच्या गावात, सरकारी शाळेचे छत मुलांच्या अंगावर कोसळले. सात मुले गेली. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने एक निकाल दिला. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. पीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. एक विषय बांधकाम खात्याचा, दुसरा मनाचा. वर्तमानपत्रांतही त्यांची पाने वेगळी. मी मात्र त्या दोन बातम्या अजून एकत्रच वाचतो.

पिपलोदीत वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितले, की वरून खडे पडू लागले तेव्हा आम्ही ते मोठ्यांच्या कानावर घातले होते. आम्हाला जागेवर बसायला सांगितले. छत पडण्याआधी मूल बोलले होते, एवढेच मला त्यातून घ्यायचे आहे.

बदलापूरलाही मूलच आधी बोलले. ऑगस्ट 2024 मध्ये, शाळेत अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या मुलींनी आपल्या भाषेत घरी काहीतरी सांगितले. घरच्यांनी ते ऐकले, म्हणून गोष्ट बाहेर आली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे: तक्रार नोंदवून घ्यायला झालेला उशीर, 20 ऑगस्टला रुळांवर उतरलेले लोक, तासन्‌तास ठप्प झालेली लोकल. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. खासगी शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, नाहीतर अनुदान रोखू, मान्यता काढू. चित्रण आठवड्यातून किमान तीनदा मुख्याध्यापकांनी तपासायचे. आणि ज्या शाळेमुळे हे सारे घडले, तिथे कॅमेरे होतेच! पंधरा दिवसांचे चित्रण गायब आहे, असे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले.

कॅमेऱ्यांशी माझे वैर नाही. जिन्यात, फाटकाशी, स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या बोळात ते असावेतच. पण लोक चिडले की सरकारचा हात खिशात जातो तो कॅमेऱ्यासाठीच का, हे जरा उकलून पाहावेसे वाटते. सरकारी खर्चाचा एक स्वभाव असतो. भिंत बांधली की नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो निघतो आणि बिल एकदाच निघते. माणूस नेमला की दर महिन्याला पगार आला, महागाई भत्ता आला, रजा आणि बदल्या आल्या. ‘पदनिर्मिती’ हा शब्द प्रस्तावात दिसला की फाईल वित्त विभागाकडून शेरा घेऊन परत येते. एकदाचा खर्च सरकारला सोसतो, दर महिन्याचा सोसवत नाही. मुलाचे ऐकून घेणारा माणूस नेमका दर महिन्याच्या खर्चात बसतो.

शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा उघडून त्याची अनुसूची वाचावी. शाळेला काय काय हवे त्याची यादी तिथे आहे. सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, खिचडी शिजवायची खोली, खेळाचे मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण. सहावीपासून पुढे पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशकही. कुंपण आहे, समुपदेशक नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते शाळेत आणण्याचे बोलून दाखवले; पण धोरणातल्या वाक्याला पगार मिळत नाही.

मग जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हातात काय उरते? समग्र शिक्षा अभियानातून पटाप्रमाणे मिळणारे संयुक्त शाळा अनुदान. तिसापर्यंत पट असेल तर निकषाप्रमाणे वर्षाला 10,000 रुपये, शंभरापर्यंत 25,000. खडू त्यातच, वीजबिल त्यातच, गळणारा पत्रा त्यातच, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. ते हाती पडते तेव्हा वर्ष बरेच सरलेले असते, हे कुठल्याही गुरुजींना विचारावे. त्यात कॅमेरे बसवायचे म्हणजे लोकवर्गणी आलीच. गावाकडे वर्गणी मागायला गेलेल्या मुख्याध्यापकांना लोक टीव्हीसाठी, रंगासाठी पैसे देतात. ‘मुलांशी बोलायला एक बाई ठेवायच्या आहेत’ म्हणून वर्गणी मागून पाहा! आणि सरकारही गावापेक्षा फार वेगळे नाही. ‘मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला 51 लाखांचे बक्षीस होते. सुंदर शाळेचे मला वावडे नाही. बक्षीस कशाला मिळते ते पाहून शाळा काय करायचे ते ठरवतात, एवढेच.

न्यायालयाने आता म्हटले आहे, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर दुवा जोडावा. दिल्लीहून हे वाजवीच दिसते. महाराष्ट्रात वीसच्या आत पट असलेल्या शाळाच हजारो आहेत. अक्कलकुव्याच्या किंवा भामरागडच्या पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा कोणत्या तज्ज्ञाशी दुवा जोडणार? जोडला, तर तो कागदावर. कागदावरच्या समित्यांचा आपल्याला अनुभव आहे. मार्च 2022 मध्ये प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती नेमायचा निर्णय झाला होता. बदलापूरनंतर झाडाझडती सुरू झाली तेव्हा अनेक शाळांत ती नव्हतीच.

शेवटी काम पडते शिक्षकावर. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, मतदारयादी आणि वर ‘विद्यार्थ्यांचे समुपदेशन करावे’ अशी एक ओळ. काही शिक्षक ते मनापासून करतात, आणि त्यांच्यामुळे किती मुले तरली असतील याची मोजदाद कुठेच होत नाही. बुडालेल्यांची होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, कुठल्याही राज्याहून अधिक. त्यात महाविद्यालयातली मुलेही आली. तरी मन तोवर ठाकठीक होते आणि अकरावीत एकाएकी बिघडले, असे कोण म्हणेल?

मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही आहे. चांगली सोय आहे, आणि ती शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवावी. फक्त चौथीतल्या मुलाच्या घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो. काही मुलांची तक्रार त्या खिशाबद्दलच असते.

माणसांवर खर्च करायची अडचण गरीब देशांनाच असते असेही नाही. टेक्सासच्या युवाल्डी गावात मे 2022 मध्ये शाळेत गोळीबार झाला. तिथल्या शाळांचे स्वतःचे पोलीस दल होते. त्या दिवशी सगळी दले मिळून 376 पोलीस जमले, आणि हल्लेखोरापर्यंत पोचायला 77 मिनिटे लागली. महिन्याभरात अमेरिकेने कायदा केला आणि शाळांत मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक नेमण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलर बाजूला काढले. माणसे नेमली गेली. एप्रिल 2025 मध्ये नव्या प्रशासनाने ते अनुदान पुढे चालू ठेवणार नाही असे कळवले, आणि राज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. बसवलेले पोलादी दार परत कोणी काढून नेत नाही. माणूस घरी पाठवायला एक पत्र पुरते.

मी एक साधा हिशेब करून पाहिला. महाराष्ट्रात शाळांची 4,860 केंद्रे आहेत. प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख, दहा-बारा शाळा. प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित समुपदेशक धरला आणि महिना 40,000 रुपये दिले, तर वर्षाला 233 कोटी होतात. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी राज्य सरकारने 2024 मध्ये वर्षाला 46,000 कोटींची घोषणा केली होती, त्यापुढे ही रक्कम अर्धा टक्का भरते. बहिणींचे काढून द्या असे मी म्हणत नाही. त्यांचीच मुले या शाळांत आहेत. ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत एक ओळखीचे माणूस येऊन बसते, त्याच्या हाती हजेरीपट नसतो, ते मार्क देत नाही आणि घरी चिठ्ठीही धाडत नाही, एवढ्याने पुष्कळ काम व्हावे. व्याख्याते आणून ‘ताणमुक्त परीक्षा’वर टाळ्या घेण्यापेक्षा नक्कीच. एवढी शिकलेली माणसे लगेच मिळणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. ती तयार व्हायला पाच-सात वर्षे लागतील. पण पदच नसेल तर तो अभ्यासक्रम कोण घेईल?

मुलीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी दोन वर्षे होतो. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारालाच लावलेली, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. महिन्यातून एकदा आम्ही ती उघडत असू. चॉकलेटचे कागद निघत. एकदा ‘पंखा फिरत नाही’ निघाले. एकदा वहीचे फाडलेले अर्धे पान निघाले. नाव नाही, खाली फक्त ‘इ. 7 वी’, आणि वर एकच ओळ: ‘मला बाक बदलून पाहिजे.’ सभेत ते मोठ्याने वाचले गेले. सातवीच्या वर्गातल्या तीन बाकांच्या फळ्या खिळखिळ्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होते. ठराव झाला, मीच अनुमोदन दिले, सुतार आला, अनुदानातून बिल भागवले आणि इतिवृत्तात ‘तक्रार निकाली’ असे लिहिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कशावरून तरी मी हे घरी कौतुकाने सांगितले. मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती म्हणाली, ‘बाबा, तिला जागा बदलून हवी असेल. शेजारी कोण बसतं ते बघितलंत का?’

तोवर सातवीचा तो वर्ग आठवीसाठी तालुक्याच्या निरनिराळ्या शाळांत पांगला होता. बाके मात्र अजून शाबूत आहेत.