विमानाने आलेला पाहुणा

मराठवाड्यात दारात आलेल्या पाहुण्याला पहिला प्रश्न विचारतात तो "कसे आहात?" हा नव्हे. "कवा निघालाव?" हा तो प्रश्न. मग पाण्याचा तांब्या येतो, पाय धुवायला पाणी मिळते, आणि पाहुणा ओसरीवर टेकून सांगू लागतो: पहाटेची गाडी कशी चुकली, परभणीला किती खोळंबा झाला, वाटेत कोण भेटले, कोणी जागा करून दिली. वरवर पाहता ही साधी विचारपूस आहे. पण तिच्यामागे एक समजूत उभी आहे. येणारा थकून आला आहे आणि त्याच्या थकव्याने या घरावर काही हक्क निर्माण केला आहे, ही ती समजूत. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी घरोघर हाच प्रश्न ऐकू येतो आणि त्याच्या उत्तरातच निम्मी भेट होऊन जाते.

पण विमानाने आलेल्या पाहुण्याला हा प्रश्न कसा विचारावा? तो म्हणणार, "सकाळी चहा घेऊन निघालो, आणि परवा दुपारचे परतीचे तिकीट आहे." विचारणाऱ्याचा हिरमोड होतो. ज्याला येण्याची तिथी नाही तो अतिथी, असे आपण शाळेत शिकलो. या पाहुण्याच्या येण्याची तिथी तर ठरलेली आहेच, जाण्याची घटकाही छापील आहे. या लहानशा हिरमोडातून एक मोठा प्रश्न निघतो असे मला वाटते. एखाद्या गावात येणे आणि त्या गावाला पोहोचणे, ही एकच गोष्ट आहे काय? आणि येणाऱ्याचे त्या गावाशी काही देणे लागते काय?

हा प्रश्न मुंबई-दिल्लीत पडणार नाही. तिथे विमानतळ हा शहराच्या अनेक दरवाजांपैकी एक. तो पडतो नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी, जिथे कुंपणापलीकडे ज्वारी, सोयाबीन किंवा हरभरा उभा असतो आणि गावातील बहुसंख्य माणसांनी विमान पाहिले आहे ते खालूनच.

नांदेडच्या विमानतळाला श्री गुरू गोबिंदसिंगजी यांचे नाव आहे, आणि त्याला आजचे रूप आले ते २००८ साली, गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने. देशोदेशींचे भाविक येणार, त्यांची सोय व्हावी, हा हेतू. पुढे २०१७ च्या २७ एप्रिल रोजी 'उडान' योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्या जोडीला नांदेड-हैदराबाद हेही होते. सामान्य माणसालाही विमानात बसता यावे, असा त्या योजनेचा उद्घोष होता. ती सेवा चालवणारी कंपनी पुढे बंद पडली, दुसऱ्या आल्या. लहान गावच्या विमानांचे असेच असते. ती पाहुण्यांसारखी येतात आणि पाहुण्यांसारखीच जातात. लातूरची धावपट्टी १९९१ सालची, शहरापासून काही मैलांवर. तिथे रोजची प्रवासी सेवा टिकली नाही. धावपट्टी मात्र आहे. एखाद्या घरी न वापरलेला पाहुण्यांचा पलंग असावा तशी.

अशा गावी उतरणाऱ्याला एक गोष्ट सहज विसरता येते. कोणतीही धावपट्टी हवेत अंथरलेली नसते. तिच्याखाली पूर्वी काहीतरी होतेच: कुणाचे शेत, कुणाचे कुरण, नाहीतर शिवारातून जाणारी जुनी पाऊलवाट. जपानमध्ये टोकियोजवळच्या नारिता गावी विमानतळ करायचे १९६६ साली ठरले. तेथील शेतकऱ्यांना कोणी नीट विचारले नाही. ते उभे राहिले, विद्यार्थी त्यांच्या मदतीला आले, माणसे मेली, आणि विमानतळ उघडायला १९७८ साल उजाडले. त्यानंतरही काही शेतकऱ्यांनी आपले तुकडे सोडले नाहीत. विमानांच्या वाटांच्या मधोमध भाजीचे वाफे राहिले. आपल्याकडे सर्वत्र असा झगडा झाला नाही म्हणून ऋण नाहीसे होत नाही. भांडून दिलेल्या जमिनीचे ऋण निदान दिसते. मुकाट्याने दिलेल्या जमिनीचे दिसतसुद्धा नाही. खिडकीतून खाली पाहणाऱ्याला हिरवे-काळे चौकोन दिसतात; त्यांना मालक आहेत, हे तेवढ्या उंचीवरून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे पूर्वीचे कष्टच बरे, असे तुमचे म्हणणे!" मुळीच नाही. ज्यांनी बैलगाडीतून अडलेली बाळंतीण तालुक्याला नेली आहे, पुलावरून पाणी जाते आहे म्हणून दोन दिवस नदीकाठी बसून काढले आहेत, त्यांच्यापुढे संथ प्रवासाची थोरवी गाऊ नये. दूरच्या गावी नोकरी करणाऱ्या मुलाला बापाच्या अखेरच्या घटकेला पोहोचता आले, तर ते विमान पुष्पकाहून मोलाचे. वेग ही दया असू शकते. चालणे हेच पुण्य असते तर पंढरीच्या वाटेवरचा प्रत्येक बैल वारकरी ठरला असता. देवाला पायांचे फोड मोजण्यात रस असेल, असे मला वाटत नाही.

मग वाट माणसाला काय देत होती? माझ्या मते ती ऋण देत होती. चालत वा गाडीने येणाऱ्याला कुणाच्या तरी विहिरीचे पाणी प्यावे लागे. कुणाला तरी वाट विचारावी लागे. पाऊस लागला तर परक्याच्या ओसरीवर रात्र काढावी लागे, आणि सकाळी निघताना त्या घरच्या माउलीने पदराआडून दिलेली भाकरी नको म्हणता येत नसे. असा माणूस मुक्कामी पोहोचे तेव्हा तो दहा-वीस अनोळखी माणसांचा देणेकरी झालेला असे. त्यांतल्या बहुतेकांची परतफेड करणे त्याला कधीच शक्य नव्हते. म्हणून तो दुसऱ्या कुणा वाटसरूची करी. आपल्या समाजातले आतिथ्य असे आडवळणाने फिटणाऱ्या ऋणांवर उभे होते.

विमानाचा प्रवासी या ऋणातून सुटतो. तो जे घेतो त्याचे मोल जागच्या जागी मोजतो. तिकीट, गाडी, खोली, जेवण, सारे चुकते. यात अन्याय काहीच नाही; उलट व्यवहार चोख आहे. पण पैशाने फिटलेले देणे तेथल्या तेथे संपते, आणि देणे संपले की घेणाऱ्या-देणाऱ्यांतले बोलणेही संपते. वेगाचा दोष कोणता म्हणाल, तर तो हा. आपण कुणाचे काही लागत नाही, असा भास तो निर्माण करतो. जो कुणाचे काही लागत नाही त्याला कुणी दिसतही नाही. तो गाव पाहून जातो. गावाला भेटत नाही.

या दुखण्यावर औषध नांदेडनेच जपून ठेवले आहे. १७०८ साली गुरू गोबिंदसिंग बहादूरशाह बादशाहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी गोदावरीकाठी देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात त्या जागी आजची वास्तू उभारली. आज अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येणारा भाविक दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून सुमारे दीड दिवसाने उतरतो. विमानाचा भाविक त्याच अंतराला काही तास देतो. पण लंगरात दोघेही एकाच पंगतीला जमिनीवर बसतात. तिथे पैसे देऊन जेवता येत नाही. दोन्ही हात पुढे करावे लागतात आणि अनोळखी हाताने वाढलेली पोळी त्यांत घ्यावी लागते. विमानाने ज्याला सर्व ऋणांतून सोडवले होते, त्याला ही पोळी पुन्हा ऋणात घालते. जेवून उठलेला माणूस भांडी घासायला किंवा वाढायला लागतो, तो याच ऋणाच्या जाणिवेने.

दुसरी गोष्ट घागरीची. गुरुद्वाऱ्यात रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीवरून पाण्याची घागर येते. आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाचा सोहळा होतो तेव्हा भाविक नदीवरून घागरी भरून आणतात व त्या पाण्याने ते पवित्र स्थान धुतात. नळाने हे काम सहज झाले असते. दोन हजार किलोमीटरांची वाट यंत्राने काही तासांवर आणणारी माणसे नदीपासून गुरुद्वाऱ्यापर्यंतची वाट मात्र खांद्यावर भार घेऊन चालतात. यातली खूण ओळखली पाहिजे. मोठे अंतर कमी करा, त्यात काही पाप नाही. पण थोडे अंतर आपण होऊन राखा आणि ते स्वतःच्या पायांनी चाला. नाइलाजाने केलेल्या श्रमापेक्षा स्वखुशीने राखलेला श्रम नीतीच्या दृष्टीने वरचढ आहे. पूर्वजांना तो निवडावा लागला नाही. आपल्याला निवडावा लागतो, एवढाच फरक.

याच गावाने पाहुण्यांची आणखी दोन रूपे पाहिली. माधोदास नावाचा एक बैरागी येथे मठ करून राहिला होता. गुरूंच्या भेटीनंतर तो बंदासिंग होऊन पंजाबकडे निघाला, आणि येथे घेतलेले ऋण त्याने तिथे प्राण देऊन फेडले. पुढे विसाव्या शतकात विजापूरकडचे व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला मराठवाड्यात आले. तेच स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व त्यांनी केले, आणि नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. ते कोणत्या वाहनाने आले, हे कुणी विचारत नाही. येथल्या माणसांचे दुःख त्यांनी आपले देणे मानले, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे.

आणि लातूरला घेण्याची बाजू ठाऊक आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणेशविसर्जन करून गावे झोपली असताना, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्या दिवसांत जगभरातून मदत आली. येणाऱ्यांना कोणी "कवा निघालाव?" विचारले नसेल, लवकर आलात, एवढेच पुरे होते. मग २०१६ च्या उन्हाळ्यात शहर कोरडे पडले आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या शहराला धावपट्टी होती त्याला पिण्याचे पाणी दुसऱ्या जिल्ह्याच्या नदीतून घ्यावे लागले. यात हसण्यासारखे काही नाही. ऋण घेण्यात कमीपणा नसतो आणि ऋणावाचून कोणतेही गाव जगत नाही, हे लातूर त्या उन्हाळ्यात शिकले. मिरजेच्या पाण्याचे मोल रुपयांत कुणी मांडीलही. तरी ते पाणी पिऊन वाढलेल्या पोरांवर काही देणे उरतेच.

गावाचे कर्तव्यही यात आहे. पाहुणा घाईत आहे म्हणून त्याला गिऱ्हाईक समजणे, दुप्पट भाडे मागणे, फोटो काढण्याजोग्या चार जागा दाखवून वाटेला लावणे, हे सोपे असते. विमानतळ झाला की गाव मोठे होते असे पुढारी सांगतात. गाव मोठे होते ते उतरलेल्या माणसाला आपल्यात ओढून घेण्याच्या ताकदीने. ती ताकद धावपट्टीच्या लांबीवर मोजता येत नाही.

यंदाच्या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे दूरदेशांहून उडत येतील आणि उडतच परत जातील. तीन दिवस, कधी दोनच. त्या तीन दिवसांना नावे ठेवू नयेत. कित्येकांना तेही मिळत नाहीत. पण त्या मुलाला एक दिवस शेतावर चालत न्यावे. चुलत्याच्या घरी निरोप न देता जाऊ द्यावे, म्हणजे त्याला वाट पाहावी लागेल. शेजारच्या आजीने दिलेला अनारसा त्याने तिथेच बसून खावा आणि तिला पुढच्या खेपेस काय आणू ते विचारावे. आजी म्हणणार, "मला काय लागतंय बाबा, तू ये म्हणजे झालं." हे तिचे देणे पैशाने फिटणारे नाही. ते अंगावर घेऊन विमानात बसलेला मुलगा कितीही उंच गेला, तरी खालच्या त्या चौकोनांपैकी एकाला त्याचे नाव माहीत असते. आणि त्याचे नाव माहीत असलेला चौकोन त्यालाही वरून ओळखता येतो.