आपण आणि आम्ही

हिंदीतल्या एका 'हम'च्या जागी मराठीत दोन शब्द आहेत. 'आम्ही निघतो' म्हटलं की ऐकणारा मागे राहतो, 'आपण निघू' म्हटलं की तो सोबत येतो. समोरच्या माणसाला आत घ्यायचं की दाराशीच ठेवायचं, हे मराठी बोलणाऱ्याला अशा दर वाक्यात ठरवावं लागतं. या भाषेचा मला अभिमान वाटतो तो यासाठी. पण 'आपण' हा शब्द किती दुखवू शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या सोसायटीतली एक जागा भाड्याने जायची होती. येणारे गृहस्थ कॉलेजात गणित शिकवणारे. जागा बघायला आले तेव्हा त्यांची मुलगी गॅलरीत पावलं टाकून झोपाळा कुठे बसेल ते मोजत होती. मालकाची तयारी होती. अडलं ते त्यांच्या मुसलमान नावावर. सभेत कोणी शिवीगाळ केली नाही, आवाजही चढला नाही. "आपण सगळे एका वळणाचे लोक, आपल्याला हरकत घ्यावी लागेल," एवढंच एक जण शांतपणे म्हणाले. मी गप्प बसलो. ते 'आपण' मला न विचारता मला आत धरून बोललं गेलं होतं, आणि गप्प राहून मी त्यात नांदायला तयार झालो. द्वेषाला आरडाओरड करणारे थोडेच पुरतात. त्याचं बळ आमच्यासारख्यांच्या गप्प राहण्यात असतं.

त्या रात्री मी मनात शब्द उलगडत बसलो. मालक, करार, मजला, दरवाजा, हक्क, आणि ज्या शब्दाने तो माणूस अडवला गेला ती 'हरकत'सुद्धा. सगळे अरबी-फारसीतून मराठीत आलेले. हे शब्द इथे पाहुणे म्हणून राहत नाहीत. ते काढले तर घर भाड्याने देण्याची गोष्ट मराठीत बोलता यायची नाही.

हे शब्दांपुरतंच नाही. देवगिरीच्या परिसरात सूफी संत चांद बोधल्यांचा दर्गा आहे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद त्यांना गुरू मानत. सतराव्या शतकात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, ओवीत, मराठीत. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं संशोधक रा. चिं. ढेरे यांनी मांडलं. ते मानलं तर एकनाथांची गुरुपरंपरा त्या दर्ग्यापर्यंत जाते. मग कोण कोणाच्या घरी राहायला आलं? बार्शीचे शाहीर अमर शेख डफ घेऊन गावोगाव संयुक्त महाराष्ट्र मागत फिरले. 1 मे 1960 रोजी जे राज्य झालं, ते त्यांनीही आपल्या आवाजाने उभं केलेलं आहे.

म्हणून मला 'सहिष्णुता' हा शब्द अपुरा वाटतो. सहन करणारा यजमान असतो आणि ज्याला सहन केलं जातं तो कायमचा पाहुणा. 'तुमचं मराठी किती छान आहे हो' असं आपण एखाद्या शेखला किंवा मुल्लाला कौतुकाने म्हणतो, तेव्हा मनात त्याला परगावचा ठरवून बसलेलो असतो. त्याच्या पणजोबाने याच मातीत मोट हाकली असेल, हे मनात येत नाही.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. राज्यघटनेचं पंधरावं कलम दुकानं, विहिरी, रस्ते यांची नावं घेतं. खाजगी घराच्या उंबऱ्याचं नाव त्यात नाही. तिथे माणसालाच तोंड उघडावं लागतं.

पुढच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. आवाज कापत होता. म्हटलं, मागच्या वेळच्या त्या 'आपण'मध्ये मी नव्हतो, तेव्हाच सांगायला हवं होतं, आज इतिवृत्तात नोंद करा. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मलाही कुठे कोणी विचारलं होतं?"