रांझ्याच्या पत्रात ती नाही

बलात्काराची बातमी आली की भोर-वेल्ह्यातल्या मोबाइलवर शिवाजी महाराजांनी हातपाय तोडलेला रांझ्याचा पाटील फिरू लागतो. ‘महाराजांचा कायदा आणा, हातपाय तोडा!’ पण आरोपी भावकीतला निघाला, की तीच माणसं मुलीच्या बापाला बाजूला घेतात. ‘पोरीचं नाव खराब होईल. कायद्यानेच नाव घ्यायला बंदी केलीय, मग वाच्यता कशाला?’ पहिल्या बोलण्यातला संताप समजतो. दुसरं बोलणं कायद्याची विटंबना आहे, आणि ते बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही याची मला चीड येते.

रांझे भोर तालुक्यातलंच. महाराजांच्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात पाटलाचा बदअमल आहे, शिक्षा आहे, पाटीलकी पुढे कुणाला दिली तेही आहे. अत्याचार सोसलेली बाई मात्र नाही. तिचं नाव नाही, तिचं पुढे काय झालं ते नाही. लोकप्रिय कथांनी तिला जीव द्यायला लावला. पत्रात त्याला आधार नाही. राज्यकर्त्याने वतनदाराची गय केली नाही, ही त्या काळात फार मोठी गोष्ट. पण गुन्हेगाराचा हिशेब चुकता झाला की न्याय झाला, ही आपली समजूत त्या पत्राच्या आडोशाने आजवर पोसली गेली.

मधली शतकं ओलांडून मी थेट १९७२ वर येतो. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही, म्हणजे संमती होती. तिच्या गप्प राहण्याला न्यायालयाने होकार ठरवलं. त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिणाऱ्या चार प्राध्यापकांपैकी वसुधा धागमवार पुण्याच्या. खटला त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. ते मी इथे लिहीत नाही.

पुढे १९८३ ची दुरुस्ती झाली. कोठडीत बलात्कार झाला आणि संबंध सिद्ध झाला, तर ‘माझी संमती नव्हती’ हे तिचं म्हणणं न्यायालयाने गृहीत धरायचं, हे नवं कलम सगळ्यांना आठवतं. त्याच दुरुस्तीतलं दंड संहितेचं कलम २२८-अ मात्र आपण सरसकट चुकीचं वाचतो. त्याला आपण अब्रूवरचा पदर समजतो. कलम नीट वाचा. बंदी आहे ती तिची ओळख छापण्यावर, प्रसिद्ध करण्यावर. तक्रारीवर, साक्षीवर, घरात वा दवाखान्यात बोलण्यावर कसलीही बंदी नाही. आणि सज्ञान बाई स्वतः लेखी परवानगी देऊन आपलं नाव उघड करू शकते. कुलूप आहे, पण किल्ली तिच्या हाती. आजवर ती बाप, भाऊबंद, पंच यांच्याकडे होती. हे कलम आता भारतीय न्याय संहितेत ७२ वं आहे.

वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातल्या दहा-बारा घरांच्या वाडीचं नाव, मुलीचं वय आणि ‘वडील गवंडीकाम करतात’ एवढं बातमीत छापलं, की नाव गाळून उपयोग नाही; एसटीच्या कंडक्टरलाही कळतं कोण ते. ओळख उघड करणारा कुठलाही तपशील कायद्याने छापता येत नाही. तो छापणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा.

अत्याचार मुलावर झाला असेल तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, आणखी पुढे जातो. माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, अंगावर वर्दी नसलेल्या पोलिसाने, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस जवळ असताना घ्यायचा. सावरण्याची सुरुवात इथे होते: आपलं म्हणणं कुठे, कुणासमोर सांगायचं यात त्या लेकराला विचारलं जातं तेव्हा. एक अडचण मला खरंच छळते. डॉक्टरला कळवावंच लागतं म्हणून सोळा वर्षांची मुलगी डॉक्टरकडेच जायला घाबरते, आणि उपचारांविना राहते. यावर कायद्याने अजून नीट विचार केलेला नाही.

गावात अशी गोष्ट बहुधा आधी पोलीस पाटलाच्या कानावर जाते. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाप्रमाणे गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं काम आहे. मिटवामिटवीची बैठक बसवण्याचा अधिकार त्याला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही.