दुसऱ्या वाटेने



आज तीन राजांचा सण. आपल्या धर्मग्रामातील एक फर्निचर व्यावसायिक गेल्या जानेवारीत कामानिमित्त जर्मनीतील कोलोनला गेले होते. (त्यांच्या परवानगीने सांगतो.) ११६४ साली मिलानहून आणलेले तीन राजांचे अवशेष तेथील कॅथेड्रलमध्ये सोन्याने मढवलेल्या पेटीत आहेत, अशी श्रद्धा आहे. दर्शन घेतले, पण थंडीपुढे भक्ती सुचेना, असे ते प्रामाणिकपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरेदीदाराने त्यांना शहराबाहेर आपल्या गावी नेले. दारात मुकुट घातलेली मुले आली, गायिली. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे त्यांनी चौकटीवर खडूने लिहिली आणि गरीब देशांतील मुलांसाठी डबा पुढे केला. डबा धरणारा राजा तेरा वर्षांचा असेल. यांच्या कारखान्यात पॉलिश करणारा पोरगाही तेवढाच! आणि बॅगेत सही केलेला कागद : 'आमच्याकडे बालकामगार नाहीत.'

डब्यात दहा युरो टाकले; कागद मात्र बाहेर काढवेना.

मागी हेरोदाकडे न जाता दुसऱ्या वाटेने स्वदेशी गेले (मत्तय २:१२). ती वाट सोपी नसावी. आपल्या बांधवाने त्या रात्री खरेदीदाराला खरे ते सांगितले. ऑर्डर गेली. पोरगा जूनपासून शाळेत जातो. त्याच्या घरचा किराणा मालक भरतात.